हवालदारांचे पाच पंच

"पोच आली का, सर?"

दुकानाच्या पायरीखाली चपला काढायच्या, शर्टाची कॉलर सारखी करायची आणि आत पाऊल टाकण्याआधी हा प्रश्न विचारायचा. वाशी तालुक्याच्या तहसील कचेरीसमोर माझ्या ऑनलाईन अर्जांच्या दुकानात तुम्ही कधी रहिवासी दाखला काढायला आला असाल, तर हवालदार तुमच्या नजरेस पडलेच असणार. ताठ पाठ, पांढऱ्या मिशा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. पेन्शनचं काहीतरी अडलं असेल असं सगळ्यांना वाटायचं. मीही पहिल्या दिवशी त्यांना पेन्शनवाल्यांच्या रांगेत बसवलं आणि ते अर्धा तास मुकाट बसून राहिले.

फौजेतून निवृत्त होऊन ते सोयाबीनच्या गोदामावर राखणीला होते. नोकरीची शेवटची दोन वर्षं शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत काढलेली. तिथल्या एका देशात यादवी पेटली होती आणि जगभरच्या फौजा निळी टोपी घालून बघायला गेल्या होत्या. 'बघायला' हा त्यांचाच शब्द. आमच्याकडची टवाळ मंडळी त्यांना विचारायची, तिकडं सिंह बघितला का? ते म्हणायचे, "बघितला. माणसाला भिऊन पळत हुता."

त्यांचा अर्ज एका ओळीचा होता. अमुक गावातले माझे पाच पंच सध्या कुठं आहेत, ते कळवावं. तो इंग्रजीत करून त्या यादवीची चौकशी करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय कचेरीला मेल करायचा. मी मनातल्या मनात हसलो आणि पाठवला. मिनिटाभरात उत्तर आलं : आपला अर्ज मिळाला, आम्ही त्याची गंभीर दखल घेत आहोत. हवालदारांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. इथं तहसिलीत पोच घ्यायला दोन चकरा लागतात आणि साता समुद्रापलीकडून बघा, असं म्हणून त्यांनी दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला.

चौथ्या अर्जाला माझ्या लक्षात आलं की उत्तर अक्षरश: तेच आहे. ते मशीन पाठवत होतं. दोन महिने मी ही गोष्ट त्यांच्यापासून लपवली. शेवटी सांगितली, तेव्हा त्यांनी फाईल उघडून आधीच्या पोचा एकेक करून ताडून बघितल्या.

"म्हंजे कुणी वाचलंच न्हाय?"

त्या दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं. छावणीपासून दोन कोसांवर एक गाव होतं. तिथल्या सरकारच्याच शिपायांनी ते जाळलं. धूर छावणीतून दिसत होता. वरची परवानगी नाही म्हणून हे फाटकाच्या आत उभे, हातात भरलेली बंदूक. परवानगी तिसऱ्या दिवशी आली. मग हे गावात गेले.

हवालदारांचे वडील गावचे कोतवाल. गारपीट होवो, कुणी विहिरीत पडो, कडब्याची गंज पेटो, तलाठी येणार, पंचनामा होणार, खाली पाच जणांच्या सह्या नाहीतर अंगठे. हे बघत ते लहानाचे मोठे झाले. तेव्हा त्या जळक्या गावात त्यांना दुसरं काय सुचणार? दुभाष्याला बरोबर घेतलं. किती घरं, किती प्रेतं, कुठल्या बाजूनं गोळ्या आल्या, सगळं कागदावर उतरवलं. जिवंत राहिलेल्यांतले पाच जण पंच म्हणून उभे केले. तीन पुरुष, दोन बाया. नावं दोनदोनदा म्हणवून घेतली आणि खाली अंगठे घेतले.

त्यांच्या साहेबानं पाठ थोपटली. कागद वर गेला. जगानं त्या गावाबद्दल तीव्र चिंता व्यक्त केल्याची बातमी छावणीतल्या रेडिओवर लागली, तेव्हा आपल्या कागदाचा गुण आला म्हणून हे खूष. पण नियम असा की ज्याच्यावर आरोप, त्याचंही म्हणणं मागवायचं. पंचनाम्याची नक्कल तिथल्या सरकारला गेली, नावा-अंगठ्यांसकट. महिन्याभरानं दुभाष्या सांगत आला की पाचही जणांना शिपाई गाडीत घालून घेऊन गेले.

"अंगठे म्या घेतले, सर. त्यातली एक बाई इचारत हुती, कशाला पायजे? म्या म्हनलं, ह्याच्याबगर कुणी ऐकत न्हाय."

मी त्यांचा पुढचा अर्ज टाईप केला. त्यानंतरचे कित्येक. सात वर्षं आम्ही हेच केलं.

मग एकदा खरंच माणसाचं उत्तर आलं. साक्ष व्हिडिओवर घेऊ, अमुक वाराला दुपारी दोन वाजता. हवालदार इस्त्रीचे कपडे घालून अकरालाच हजर. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. पडद्यावर एक बाई होत्या, बोलायला मऊ, आणि त्यांच्या शेजारी हिंदीतून बोलणारा एक जण. तास-दीड तास यांनी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. शेवटी त्यांनी पाच जणांची नावं विचारली. हवालदार म्हणाले, माझ्या पंचनाम्यात आहेत की. ती फाईल आमच्याकडे सापडत नाही, असं उत्तर आलं. म्हणजे मारणाऱ्यांना नक्कल बिनचूक पोचली होती आणि शोधणाऱ्यांकडची हरवली होती.

हवालदारांनी विचारलं, आता सांगितलेली नावं कुणाकुणाला जातील? त्या बाईंनी लपवलं नाही. नियमानुसार सगळ्या बाजूंना, त्या सरकारलाही. फार जपू, पण खात्री देता येणार नाही.

"मग न्हाय सांगत," हवालदार म्हणाले आणि उठले.

पडदा बंद झाल्यावर मी त्यांच्यावर भडकलो. सात वर्षं डोकं खाल्लंत माझं, नाव दिल्याशिवाय ते शोधणार कुणाला? त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, त्यातला एखादा सुटून कुठं लपला असेल तर? नाव पुन्हा निघालं की त्याचा शोध पुन्हा सुरू. मी म्हणालो, आणि नसेल तर? त्यांनी फाईल पिशवीत गुंडाळली. माणूस किती बाजूंनी कोंडला जाऊ शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. पायरी उतरून त्यांनी चपला घातल्या. त्यानंतर त्यांनी अर्ज केला नाही.

थंडीत छातीत कळ येऊन ते गेले. मी मातीला गेलो होतो. महिन्याभरानं त्यांच्या पत्नी दुकानात आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"भाऊ, ह्ये रोज जेवायच्या आधी पाच नावं घ्यायचे. लई दिस मी समजले, तिकडल्या देवाची असतील. ऐकून ऐकून मलाबी पाठ झाली."

माझे हात सवयीनं कीबोर्डवर गेले. त्यांनी मान हलवली.

"लिहू नका. मी काय आज हाय, उद्या न्हाय. तुमी निस्तं ध्यानात ठिवा."

मग त्यांनी डोळे मिटून, एकेक करून, पाच नावं सांगितली. मी त्यांच्यामागून म्हटली. चुकलो की त्या थांबायच्या आणि पुन्हा सांगायच्या. पाचव्यापाशी म्हणाल्या, 'कशाला पायजे' इचारनारी ती हीच, आसं ह्ये सांगायचे. समोर दाखल्यांची रांग ताटकळत होती, कुणीतरी कुरकुरलं, पण त्यांनी घाई केली नाही.

आता माझ्या घरात ताट वाढल्यावर जरा वेळ लागतो. बायको विचारते, कशाला थांबलात? चार नावं सरळ येतात. पाचवं त्या विचारणाऱ्या बाईचं आहे, ते मी दोनदा म्हणून घेतो.