राखेच्या वाटेवरची कापालूची गाडी

एनेथबाईंनी कापालूला पहिल्यांदा नीट पाहिले ते वर्गाच्या खिडकीत. त्या चौथीला मोजमापे शिकवत होत्या. बाहेर एक धिप्पाड माणूस दोन्ही हातांत गाडीचा एकेक ब्रेक पॅड धरून उभा होता.

"बाई, मिलिमीटरची पट्टी मिळेल का? लगेच देतो."

पोरे हसली. तो शाळेच्या पायरीवर बसला. जुना पॅड मोजला, राजधानी पोर्ट व्हिलाहून बोटीने आलेला नवा डुप्लिकेट मोजला आणि नव्याची लोखंडी कड कानशीने घासू लागला. घासायचे, मोजायचे, पुन्हा घासायचे. मधली सुट्टी संपली तरी त्याचे संपले नव्हते. अकरा वर्षे बाई मिलिमीटर शिकवत होत्या. त्याची खरोखर गरज असलेला माणूस त्यांना त्या दिवशी भेटला.

त्याची छोटी पिकअप म्हणजे तान्ना बेटाच्या पूर्वेकडच्या तीन गावांची बस, बाजारगाडी आणि वेळ पडली तर रुग्णवाहिका. दार लाल, बॉनेट निळे. तिचे भाग बनवणे कंपनीने कधीच सोडले होते. बोटीने येई ते कुठले तरी, साधारण मापाचे. त्याला मापात आणायचे काम कापालूचे.

"तुझ्या गाडीत मूळचं काय उरलंय रे?" बाई चिडवत.

"इंजिन, बाई. त्याला मात्र मी कुणाचा हात लागू देणार नाही."

इंजिनाचा वैरी एकच, यासूर ज्वालामुखीची राख. चिमूटभर आत गेली तरी कुटलेल्या काचेसारखी खरवडत जाते. म्हणून एअर फिल्टरवर त्याने बायकोच्या जुन्या झग्याचे कापड शिवले होते आणि रोज संध्याकाळी तो ते काढून झटकत बसे. "एकोणीस वर्षांत एक कण आत गेला नाही," असे तो सांगू लागला की बायको म्हणे, "घरात एकदा तरी केर काढला असतास तर!"

बाईंची मुलगी रोझलिन पहिलटकरीण. एका सकाळी कळा लागल्या आणि नर्सने पोट चाचपून सांगितले, मूल आडवे आहे, दुपारच्या आत लेनाकेलचे इस्पितळ गाठा. लेनाकेल डोंगरापलीकडे, आणि त्या दिवशी राख अशी पडत होती की कोंबड्या भर सकाळी झाडावर चढून बसल्या होत्या.

दोघींना घेऊन निघालेल्या कापालूच्या गाडीचा अर्ध्या चढावर दम कोंडला. मागून काळा धूर, चाक पुढे सरकेना. कापालूने उतरून राखेने गच्च भरलेला फिल्टर झटकला. शंभर पावलांवर पुन्हा तेच. पुन्हा उतरला. रोझलिनचे ओरडणे आता थांबले होते, आणि त्याचीच बाईंना जास्त भीती वाटत होती.

कापालूने एकदा मागे तिच्याकडे पाहिले. मग फिल्टर उपसून काढला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला.

"धरा."

"अरे, आणि इंजिन?"

"इंजिन बोटीनं येतं, बाई."

गाडी मोकळा श्वास घेऊन चढली. वळणावळणावर इंजिनाचा आवाज खरखरीत होत गेला. बाईंनाही तो ऐकू येत होता, मग त्याला किती येत असेल! पण त्याने पाय उचलला नाही. बाईंनी आयुष्यात पुष्कळ प्रवचने ऐकली होती; कुठल्याच प्रवचनाला त्यांची मान अशी खाली गेली नव्हती.

दुपारी त्या इस्पितळाबाहेर आल्या तेव्हा तो इंजिनातले तेल मोजायची काडी पुसून बोटांत तेल चोळून पाहत होता. तेल रेती पडलेल्या पिठासारखे कचकचत होते.

"काय झालं?"

"मुलगी. पोट चिरावं लागलं. दोघीही बऱ्या आहेत."

"मग झालं," तो म्हणाला आणि त्याने हात गवताला पुसले.

तीन महिन्यांत इंजिन तेल पिऊन पिऊन गेले. सध्या गाडीत दुसऱ्याच कंपनीचे जुने इंजिन आहे. कापालू सोमवार ते शुक्रवार सकाळी सहाला पूर्वेकडच्या व्हाइटसँड्सहून लेनाकेलला निघतो.