बंद घराची टाकी

मुलांनो, तुम्ही तिकडे परदेशात, म्हणून इथलं लिहून कळवते: आज शुक्रवार, आमच्या गल्लीचा कोरडा दिवस. डेंग्यूचे डास साठलेल्या पाण्यात वाढतात, म्हणून पालिकेची माणसं, शाळेच्या बाई, गणेश मंडळाची पोरं आणि आम्ही रहिवासी मिळून सगळी भांडी रिकामी करतो. खिडकीतून पाहिलं, तर दारोदार पिंपं उपडी घातलेली.

समोरची मंदा दाराशी आली. "आजी, फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे पाहिलात? की मीच शिरू आत?"

"शीर बाई, तुझंच राज्य आहे."

ती हसली नाही. गेल्या पावसाळ्यात तिची लहानगी सई डेंग्यूने गेली. तेव्हाही सारी गल्ली कोरडी होती. फक्त शेजारच्या बंद बंगल्याच्या गच्चीवरची उघडी टाकी भरलेली होती. मालक परदेशात, किल्ली त्यांच्यापाशी. एवढी माणसं एकत्र आली आणि कुलपापाशी थांबली. जे हजर आहेत तेवढेच गल्लीचे, असं आम्ही धरून चाललो होतो. पण दूर गेलेल्यांचं पाणीही इथेच साठत असतं.

मंदा निघाली तेव्हा मी आपल्या घराची जादा किल्ली तिच्या हातात ठेवली. तुम्ही तिकडे, तेव्हा माझ्यानंतर हे घरही बंद राहील, हे तिला सांगावं लागलं नाही. तिने ती पदराला बांधली.