परवान्याचं कुलूप

तुमसरात आमच्या शेजारी संगणकाची शिकवणी घेणारे एक सर राहतात. त्यांचं प्रत्येक वाक्य 'बराबर ना?' असं संपतं. त्यांनी संदेश गुप्त ठेवणारा प्रोग्राम लिहिला आणि परदेशातल्या मित्राला पाठवला. मग कळलं, असलं तंत्र देशाबाहेर धाडायला सरकारी परवाना लागतो.

"दादा, परवाना लागणाऱ्या ज्या यादीत बंदुका, त्यातच हे हाय. मले पोलीस नेतीन, बराबर ना?" सर मला म्हणाले.

"चूप राहा. कोणाले कळून राहिलं?" मी म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सरकारला सगळं लिहून कळवलं. उत्तर अजून आलेलं नाही. सर रोज शांतपणे शिकवतात. त्या पत्रात माझा सल्लाही लिहिलाय का, हे विचारायचं धाडस मला होत नाही.