काकांचं पेन थांबलं

रोज सकाळी चहा निवायच्या आत काका एक पान लिहून काढत. काकू वर्तमानपत्र मोठ्याने वाचून त्यांना सांगायच्या, तेही भरधाव, आणि मधेच स्वतःचं काहीतरी घुसडायच्या. "पाहुण्यांनी फीत कापली आणि खिशात घालून घरी नेली." काकांनी तेही निमूट लिहायचं. भुवई जरा हलली की काकू टाळी वाजवत. "गेलात! आज भांडी तुमच्याकडे."

काका कॉलेजातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या साहाय्य कक्षात कारकून होते. जादा वेळेचे अर्ज, मोठ्या अक्षरातल्या प्रश्नपत्रिका, तळमजल्यावरची परीक्षेची खोली, सगळं त्यांच्याच टेबलावरून जाई. एखाद्याचा लेखनिक ऐनवेळी आला नाही, की काका स्वतः लिहायला बसत. विद्यार्थी सांगेल ते लेखनिकाने लिहायचं, चुकीचं असलं तरी. खोकायचं नाही, उसासा टाकायचा नाही. सकाळचा सराव त्यासाठीच.

एका वर्षी भूगोलाचा पेपर देणाऱ्या मुलीचा लेखनिक तापाने आडवा झाला. मुलीला दिसत नसे, पण जीभ तिखट. हा पेपर ती दुसऱ्यांदा देत होती. या वेळी गेला तर वर्ष वाया.

"काका, अक्षर बरं आहे ना तुमचं?"

"मला तरी वाचता येतं."

"मग तपासायलाही तुम्हीच बसा!"

पेपर झकास चालला होता. मग ती म्हणाली, "दिवसा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो."

काका बंदरावर वाढलेले. दुपारी समुद्रावरून येणारा वारा त्यांनी जन्मभर अंगावर घेतला होता. बोटं थिजली. क्षणभरच, पण मुलीचा कान पेनाच्या खरखरीवर होता.

"थांबलात," ती म्हणाली.

पर्यवेक्षक बाईंनी मान वर केली. "खूण केलीत?"

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पेन अडलं म्हणून सांगता आलं असतं. "केली नाही, बाई. झाली. उत्तर खटकलं आणि हात थांबला. चूक माझी."

बाईंनी नियमांचा कागद काढला. लेखनिकाच्या खुणेवरून उत्तर बदललं, तर पेपर रद्द. मुलीला तर आता कळलं होतंच. दिशा दोनच, दुसरी सांगितली की झालं.

"बदलतंय कोण?" ती म्हणाली. "सांगितलं तेच लिहा. पुढचा प्रश्न वाचा, वेळ चाललाय."

बाईंनी घडलं ते अहवालात लिहिलं आणि गेलेली चार मिनिटं जोडून दिली. काकांनी वारा उलटाच वाहू दिला.

महिन्याभराने काठी टकटकवत मुलगी कक्षात शिरली. "पास! वाऱ्याला भोपळा मिळाला, पण डोंगरांनी तारलं!"

काका खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. चष्मा पुसला, तो तसाच हातात राहिला. मग खण उघडून त्यांनी एक कोरा फॉर्म तिच्या हातात दिला.

"पुढच्या वर्षीच्या जादा वेळेचा अर्ज. शुक्रवारपर्यंत दे, नंतर माझ्या नावाने शंख करू नकोस."