आत्याच्या पाठीतले बुक्के

माझ्या नातवाच्या बारशाचं सांगते. आता हे बारशाचं सांगणं म्हणायचं की फोनचं, ते माझं मलाच कळत नाही. कारण त्या दिवशी हॉलमध्ये माणसांपेक्षा फोन जास्त होते, आणि बाळापेक्षा त्यांचेच लाड जास्त चालले होते.

मी बेलापूरला राहते. शाळा म्हणाल तर दोन यत्ता. पुढचं वाचन किराणाच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले, म्हणून लिहिते तेही बोलल्यासारखंच होतं. लेक मिरजगावला दिलेली, मुलगा नगरला कंपनीत. माझ्याकडे बटणाचा फोन आहे. तो वाजतो, मी बोलते, ठेवून देते. त्याला माझ्याकडून दुसरी सेवा लागत नाही. मुलाच्या फोनची मात्र जशी सेवा होते तशी घरात कुणा म्हाताऱ्या माणसाची होत नसेल. उठल्याबरोबर त्याचं दर्शन. जेवताना ताटाशेजारी त्याचं आसन. तो उपाशी राहू नये म्हणून प्रत्येक खोलीत चार्जर. एकदा मुद्दाम मी आमटीत मीठ घातलं नाही. मुलगा सगळी वाटी प्याला, बोटानं फोन सरकवत. वर म्हणतो कसा, "आई, तुझ्या हातची चव न्यारीच." मी म्हटलं, बरंय बाबा.

रोज सकाळी त्या फोनवर पन्नास जण पन्नास गुलाबाची फुलं पाठवतात. एकालाही वास नाही. आणि पाठवणाऱ्यांपैकी एकही जण, मी पाय मुरगळून पडले होते तेव्हा, दारात आला नाही. अंगठा मात्र सगळ्यांनी दाखवला. पाय मुरगळलाय म्हटल्यावर अंगठा दाखवतात, ही कुठली रीत?

पण ते असो. बारशाचं.

माझ्या लेकीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, तिची कूस काही उजवली नाही. दवाखाने झाले, देव झाले. आता ती त्यावर बोलत नाही, आम्हीही काढत नाही. भावाला मुलगा झाल्याचं कळलं तेव्हा तिनं मला फोनवर एवढंच विचारलं, "आई, कुर्र मीच करनार ना गं?"

"अगं, तू न्हाई तर कोन?"

आपल्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाळाला पाळण्यात घातलं, की बापाच्या बहिणीनं वाकून त्याच्या कानात 'कुर्र्र' करायचं आणि नाव सांगायचं. ती वाकली की मागच्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे. हसत हसत, पण चांगले सणसणीत. दुसऱ्या दिवशी पाठ दुखली म्हणजे आत्याला मान मिळाला. माझी पाठ अशी खूप वेळा दुखलेली आहे. लेकीची कधीच नाही. आई होणं तिच्या हातात नव्हतं. आत्या व्हायला मात्र तिला कुणाला विचारायची गरज नव्हती, ती आपसूक झाली होती. तिनं लग्नातल्या शालूचा काठ उसवून बाळाला कुंची शिवली. जरीचा काठ, आत मऊ सुती अस्तर, कानाला टोचू नये म्हणून. मला दर दोन दिवसांनी त्या कुंचीचीच बातमी.

बारशाच्या आदल्या दिवशी मी नगरला गेले. मुलगा सोफ्यावर, मान खाली. विचारलं, "ताई किती वाजता यायची?"

"ती ऑनलाईन आहे, आई."

"ते कुठल्या रस्त्याला लागतं म्हनं? मिरजगावच्या अलीकडं का पलीकडं?"

"चेष्टा नको गं. व्हिडिओ कॉलवर करणारे कुर्र. एवढ्या उन्हाची कशाला ओढाताण? तिची सासू पण थकलीये. मी मेसेज केला, ती हो म्हणाली."

"हो म्हनली? कशी म्हनली?"

त्यानं फोन माझ्यापुढं धरला. त्याचं लांबलचक लिहिलेलं, खाली हात जोडलेले, हसरं तोंड, फुगे. आणि तिचं उत्तर, एकच शब्द. 'बरं.' त्या 'बरं'ला आवाज नव्हता. आवाज असता तर मला सगळं कळलं असतं, त्यालाही कळलं असतं, कारण भाऊ आहे तो तिचा. म्हणून तर फोन न करता मेसेज केला ना! समोरच्याचा गळा दाटला तर ऐकायला नको.

मी पुष्कळ बोलले. मुलगा म्हणाला, आजकाल सगळे असंच करतात. सूनबाई उठून आत गेली. विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, तिथंच फुगे फुगवत होत्या. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "ताईंना तेवढीच विश्रांती." मला ते हसणं आवडलं नाही, पण तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी हॉल. पाळणा फुग्यांनी इतका झाकलेला की बाळ शोधावं लागत होतं. त्याच्या डोक्याला एवढासा फेटा, घामानं बिचारं भिजलेलं. आधी वरवंट्याला दुपट्यात गुंडाळून पाळण्याखालून-वरून देतात, ते आम्ही म्हाताऱ्यांनी केलं. तर व्हिडिओवाला म्हणतो, "मावशी, परत एकदा, तोंड इकडं करून." परत केलं. "मावशी, आता जरा हसून." आयुष्यात पहिल्यांदा मी वरवंट्याकडे बघून हसले. हळदीकुंकू लावायला एकही बाई मोकळी नव्हती, एका हातात करंडा, दुसऱ्यात फोन. बाळ रडलं तर त्याला उचलायच्या आधी तिघींनी त्याचं रडणं भरून घेतलं. काय करणार त्या रडण्याचं? लोणचं घालणार?

मग मिरजगावला फोन लावला. सुनेच्या धाकट्या बहिणीनं तो हातात धरला. लेक दिसली. ठेवणीतली साडी, नाकात नथ, मागं तिची सासू, शेजारच्या चार बायका. म्हणजे तिकडंही बारसं मांडलेलं होतं, फक्त बाळ नव्हतं. तिनं कुंची उंच धरून दाखवली. इकडं कुणी पाहिली नाही, सगळे स्वतःच्या फोनमध्ये पाहत होते.

"ताई, करा कुर्र!"

ती पोरगी पाळण्यात वाकली आणि फोन बाळाच्या कानाला लावला. माझ्या लेकीनं मिरजगावात फोनला ओठ लावून कुर्र केलं, ते नगरात गिरणीचा पट्टा तुटावा तसं आलं. खर्र, खट्, मग नुसतीच शांतता. बाळ दचकलं आणि त्यानं टाहो फोडला. बायकांचे हात सवयीनं उठले, आता बुक्के कुणाला घालायचे? घातले त्या फोन धरलेल्या पोरीलाच. ती किंचाळली, "अहो, माझा फोन पडेल!" सगळे खो खो हसले. झालं, मान मिळाला. फोनला.

"कट झाला वाटतं," ती म्हणाली. "थांबा, दुसऱ्या फोनवरून लावते." तिनं तो फोन तसाच पाळण्यात उशीवर टाकला आणि बाळाला सुनेकडं दिलं. फोन आपला उताणा, छताच्या पंख्याकडं बघत.

विहीणबाई पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या. शेजारी त्यांची बहीण. हॉलमध्ये गोंगाट असल्यानं चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, "झालं ते बरं झालं बाई. फोनवरच भागलं. रिकाम्या कुशीच्या बाईचा श्वास लेकराच्या कानाला नको. मीच जावयांना म्हटलं, उगा वाईट दिसायला नको, फोनवर उरका. तिलाही वाटलं, मान दिला."

मी अंगावर पाणी पडल्यासारखी उभी राहिले. आणि तेवढ्यात पाळण्यातून आवाज आला. लेकीच्या सासूचा, खणखणीत, गिरणी नाही, खरखर नाही.

"विहीनबाई, फोन चालूच हाय बरं का. आमी समदी हितंच हाये. लई चांगलं ऐकू येतंय."

मग फोन काळा झाला.

विहीणबाईंच्या हातून दोरी सुटली. मुलगा फोनकडं पाहत पुटपुटला, "नेटवर्क गेलं वाटतं."

"गेलं न्हाई रं," मी म्हटलं, "आत्ताच तर आलं. दिवसभरात पहिल्यांदा समदं नीट पोचलं."

कुणीतरी हळूच म्हणालं, बाळाच्या मावशीनं कुर्र केलं तरी चालतं. मी दुपटं उचललं आणि रिकाम्या पाळण्यावर टाकलं. म्हटलं, "बारसं उद्या-परवा कधीतरी होईल. आज जेवून घ्या, पुऱ्या गार होत्यात." लोक जेवले. जेवतील नाही तर काय? घास तोंडात आणि बोटं कामात, आणि माझ्या पंगतीतल्या बाईनं मला दाखवलं, मुलाच्या स्टेटसवर नाव लागलंसुद्धा. फुगे, बदाम, वाजणारी सनई. दुपारीच लावून ठेवलेलं असणार. बघता बघता शंभर लोकांनी अभिनंदन केलं. कानात सांगायचं नाव आधी शंभर लोकांना आणि ज्याचं आहे त्याला अजून पत्ता नाही.

अशा समजुती आमच्या वेळी नव्हत्या असं मी म्हणणार नाही. होत्या, याहून ओंगळ होत्या. पण तेव्हा नणंद दारात येऊन उभी राहायची, आणि तिच्या तोंडावर 'तू मागं हो' म्हणायला छाती लागायची. तेवढी छाती फार थोड्यांना असते. म्हणून पुष्कळ बायका मनात काहीही असलं तरी गप्प बसायच्या, आणि त्या गप्प बसण्यानं माणसं जोडलेली राहायची. आता छातीची गरज उरली नाही. बोट पुरतं. दार लावून घ्यायचं आणि वर म्हणायचं, बघा, तुम्हाला आत घेतलंच की!

लेकीनं नंतर भावाचा फोन उचलला नाही. त्यानं काय करावं? रडणारं तोंड पाठवलं. पिवळं. स्वतःचं एक तोंड असताना माणसानं दुसऱ्याचं पिवळं तोंड रडवावं!

"आई, तिनं मला ब्लॉक केलंय," तो एका संध्याकाळी म्हणाला. आवाज पडलेला.

"लई बरं केलं. आता तुला जावं लागंल."

"माझी चूक झाली गं. मी नाही म्हणायला पाहिजे होतं सासूबाईंना."

"हे मला नको सांगू. आनि लिहू बी नको."

रविवारी निघालो. तो, सूनबाई, बाळ आणि मी. सूनबाई आपल्या आईला न विचारता गाडीत बसली, एवढं मी तिच्या नावे मांडून ठेवलंय. मिरजगावात शिरलो तर मुलानं गाडी कडेला घेतली आणि फोनवर नकाशा उघडला. मी पाहतच राहिले. लहानपणी दर उन्हाळ्यात ताईकडं आला की हा या गल्ल्यांतनं अनवाणी हुंदडायचा. आणि आता बहिणीचं घर त्या डबड्याला विचारतोय! आणि डबडंही कसं, म्हणे दोनशे मीटरवर उजवीकडं वळा. तिथं उकिरडा होता.

लेकीची सासू ओट्यावर तूर पाखडत बसली होती. तिनं सूप थांबवलं नाही.

"या की. आज सोता आलात? रेंज न्हाई का तिकडं?"

मुलानं मान खाली घातली. लेक आतून आली. मला म्हणाली, "ये आई." भावाकडं पाहिलं नाही. पाणी मात्र सगळ्यांना दिलं, त्यालाही दिलं, तांब्या खाली ठेवून. मग सूनबाई उठली. बाळाच्या डोक्यावरची टोपी काढली आणि बाळ सरळ लेकीच्या मांडीवर ठेवलं.

"ताई, ह्याला अजून नाव नाही," एवढंच म्हणाली.

लेक त्याच्याकडं बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी बाळाच्या पोटावर पडलं, तसं ते पाय झाडून हसलं. ती उठली, कपाटातून कुंची आणली, बांधली. थोडी घट्ट झाली होती, पोरं काय थांबतात का कुणासाठी. तिच्या सासूनं जुन्या लुगड्याची झोळी तुळईला बांधली. फुगा नाही, बत्ती नाही. लेक झोळीत वाकली, बाळाच्या कानावरची कुंची जराशी सारली.

"कुर्र्र..."

काय गोड वाटलं! आणि तिच्या सासूनं सूप बाजूला ठेवून अशी काही मूठ आवळली की मीच दचकले. "हे मागल्या खेपंचे ऱ्हायलेत," असं म्हणत माझ्या लेकीच्या पाठीत दणकून बुक्के घातले. मग मी घातले. मग सूनबाईनं घाबरत घाबरत. लेक हसत होती, रडत होती, वाकलेलीच होती, उठायलाच तयार नाही.

मुलाचा हात खिशाकडं गेला. लेकीच्या सासूनं नुसतं पाहिलं. हात तिथंच राहिला.

"ताई," तो म्हणाला, "काय नाव सांगितलंस त्याच्या कानात? तेच ना, ठरलेलं?"

ती बऱ्याच दिवसांनी भावाशी बोलली. "फोनवर जे लावलंयस ते तुझ्या लोकांचं. कानात सांगितलं ते त्याचं नि माझं."

परतीच्या वाटेवर बाळ कुंचीत झोपलं होतं. नगर जवळ आलं तसं मुलाला राहवेना.

"आई, काय सांगितलं असेल गं तिनं?"

"मला काय ठावं?" मी म्हटलं. "इचार की तुझ्या फोनला."