माहेराला तिकीट काढून

माझ्या सुनेला चहाचे मळे बघायचे होते. दिवाळीनंतर ती आणि मुलगा पुण्याहून घुग्घुसला आले ते मोबाईलमध्ये सगळा बेत घेऊनच. आसामचं जंगल, हत्तीवर बसून गेंडे, मग हिरव्या उतारावरचा बंगला आणि सकाळी खिडकीत मळा बघत चहा. "मम्मी, तुम्हीपण चला ना," ती म्हणाली. पोरगी मनाची चांगली आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण माझं तोंड सुटलं की मग कोणाचं काय राहत नाही. पण त्या दिवशी माझं डोकं सणकलं. जन्म कोळशाच्या धुळीत गेला माझा, दवाखान्यात नर्स म्हणून लोकांची थुंकी पुसण्यात गेला, आणि आता झाडं बघायला मी आसामला जाऊ? मी मुलाला म्हटलं, "अरे, तुझ्या आजीचं माहेरच जंगलात होतं. लोकं विमानानं येतात तिथं. घरचं तेवढं तुम्हाला दिसत नाही!"

माझी माय बाजेवर बसून लाखोळीची भाजी निवडत होती. तिला ऐकू कमी येतं असं आम्ही सगळे धरून चालतो. ती मान वर न करता म्हणाली, "मले नेता का तिथी?"

मायला तिथं काऊन जायचं आहे हे मला ठाऊक होतं. मुलाला नव्हतं, त्याला मी त्या रात्री स्वयंपाक करता करता सांगितलं.

माझ्याआधी मायला एक मुलगा झाला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, तशी ती माहेरी गेली. लेकरू नाव ठेवायच्या आत गेलं. एवढ्या लहान जिवाला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. गावाच्या शिवेवर मोहाच्या झाडाखाली पुरलं, वर काटे टाकले, दगड रचले, म्हणजे कोल्हं उकरणार नाही. तेव्हापासून माय माहेरी जायची तेव्हा आधी त्या मोहाखाली थांबायची, एक दगड त्या ढिगावर ठेवायची आणि मगच गावात शिरायची. मी लहान असताना मलाही ठेवायला लावायची. भाऊ आहे तुहा, म्हणायची. मग गाव उठलं. वाघांसाठी जंगल मोकळं करायचं होतं. मामालोक पैसे, घर आणि शेती घेऊन रस्त्याकाठच्या नव्या वस्तीत आले, विहारसुद्धा नवा बांधला. मायला सगळं झाल्यावर कळवलं. तिनं त्या दिवशी मामाला फक्त एवढं विचारलं होतं, "तुमी सप्पा निंगून आले, त्याले कोनाच्या भरोशावर सोडलं?"

मुलानं आसाम रद्द केलं. सुनेनं हूं की चूं केलं नाही, उलट तिनंच सफारीचं बुकिंग केलं. आता गंमत बघा. मायच्या माहेरी जायला मायचं आधार कार्ड लागलं. कोणत्या गेटनं, सकाळी की दुपारी, सगळं विचारलं. तुमचं इथं कोण पुरलं आहे, हे काही त्या वेबसाईटनं विचारलं नाही.

ठरल्या दिवशी माय पहाटेच तयार. आंघोळ, डोक्याला तेल, आणि नवंकोरं लालभडक लुगडं. माहेरी जायचं म्हणजे नवं नेसूनच जायचं, त्यात काय विचारायचं! कनवटीला तिनं आमच्या अंगणातला एक दगड खोचला होता. तिथी भेटन का नाई भेटन, म्हणाली. गेटवर जिप्सीपाशी आमचा गाईड उभा होता, खाकी कपड्यातला तरुण माणूस. त्यानं मायकडे बघितलं आणि डोकं खाजवलं. "आजी, लाल रंग नाई चालत आतमधी. जनावर बिचकते." मग भाड्यानं मिळणारी एक मळकट तपकिरी चादर आणली आणि मायला खांद्यापासून पायापर्यंत गुंडाळली. मी म्हटलं, "भाऊ, बाई माहेरी चालली आहे, चोरी करायला नाही." तो बिचारा वरमला. त्याचे वडील त्याच गावचे निघाले. "जय भीम आजी," म्हणाला, आणि चादर जरा सैल केली. पण काढली नाही. नियम त्याचा नव्हता, मला कळत होतं. कळलं म्हणून राग थोडाच जातो.

आत थंडी मरणाची. मुलगा कॅमेरा सरसावून बसलेला. मी त्याला घरून निघताना बजावलं होतं की आपण वाघ बघायला चाललो नाही, पण चितळ ओरडलं की त्याची मान आपोआप वळायची. गाईडला मी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "मावशी, उतरू नाई देता येत. माही नोकरी जाईन. पन गाडी त्या मोहाजवळून नेतो. आजीनं तिथूनच हात जोडावे." माय म्हणाली, "हात कायले जोडू? तो का देव आहे?" तिला फक्त दगड ठेवायचा होता. मग गाईड ड्रायव्हरशी हळूच बोलला आणि म्हणाला, गाडी अगदी खेटून घेऊ, आजीनं वरूनच टाकावा, आपन काही पाह्यलं नाई. त्या क्षणी तो मला फार आवडला.

गाव म्हणजे आता गवत होतं, कमरेइतकं. मायनं आधी चिंच ओळखली, मग विहाराचा ओटा, त्यातून झाड उगवलेलं. तिचे ओठ हलत होते, ती घरं मोजत होती की माणसं, कोण जाणे. मग वळण आलं आणि समोर गाड्याच गाड्या. सगळ्या त्या मोहाच्या दिशेनं तोंड करून उभ्या.

मोहाखाली वाघीण पसरली होती. ढीग अजून होता, गवतात अर्धा बुडालेला, आणि त्याच्यावरच ती ऐसपैस आडवी. तिची पिलं शेपटीशी खेळत होती. सगळीकडे कॅमेऱ्यांचा खटखटाट. सून हळूच म्हणाली, "अय्या, किती गोड!" आणि लगेच मायकडे बघून तिनं तोंडावर हात ठेवला. मुलानं कॅमेरा मांडीवर ठेवला, तेवढं मात्र त्यानं केलं.

माय उठून उभी राहिली. चादर खाली पडली. लाल लुगड्यात ती उभी, मुठीत दगड, आणि आवाज असा की मला माझं लहानपण आठवलं. "उठ! उठ वं तिथून!" तिनं हात वर केला. तिला तो दगड ढिगावर टाकायचा होता, दुसरं काही नाही, मी शपथेवर सांगते. पण बाकीच्यांना काय दिसलं? म्हातारी वाघिणीला दगड मारते आहे! एकच गलका झाला. शेजारच्या गाडीतला टोपीवाला ओरडला, "आजींना खाली बसवा, वाघीण जाईल ना!" गाईडनं झडप घालून मायचं मनगट धरलं आणि दगड काढून घेतला. वाघिणीला दगड मारला असं कोणी लिहून दिलं असतं तर त्याची नोकरीच काय, तो जेलात गेला असता.

मग माझं तोंड सुटलं. मी त्या टोपीवाल्याला म्हटलं, "तिचं गाव आहे ते! तुझ्या बापाच्या घरात मी येऊन बसले आणि तुला शू शू केलं तर चालेल का रे?" त्याला काही कळलं नाही. कळेल कसं? त्यानं फोटो काढला, वाघिणीचा. ती हलली नव्हती, माणसांच्या ओरडण्याची तिला सवय असावी. त्याच्याच गाडीतून आणखी कोणीतरी म्हणालं, लोकल लोकांना अवेअरनेसच नाही. असं वाटलं, त्याची मुंडी मुरगाळावी.

गाईड मायसमोर उकिडवा बसला. तिला शांत करायला म्हणून बोलायला लागला, "आजी, ती नाई उठत तिथून. पिलंबी तिथंच घातले तिनं. पह्यलंच बाळंतपन होतं तिचं."

मायनं त्याच्याकडे बघितलं. "जगले का?"

"सप्पा जगले. एकबी नाई गेलं."

माय खाली बसली. सुनेनं चादर उचलून तिच्या अंगावर घातली, तिनं घालू दिली. पुढं ती एकदाही बाहेर बघेना. गाडी वळली, मोर दिसला, अस्वल दिसलं म्हणे, गाईड आपलं काम करत राहिला. मी मायचा हात धरला तर तो थंडगार. मला रडायला यायला पाहिजे होतं, आला तो नुसता संताप, आणि तो कोणावर काढायचा? मामावर? त्या गाईड पोरावर? की कुशीत पिलं घेऊन पडलेल्या जनावरावर?

गेटवर चहाची टपरी होती. परतलेल्या गाड्यांतली सगळी मंडळी तिथं आपापली साइटिंग सांगत होती. एक बाई, चांगल्या घरची, हसऱ्या चेहऱ्याची, मायजवळ येऊन वाकली आणि मोठ्यानं विचारलं, "आजी, दिसला का वाघ?"

"वाघीन दिसली," माय म्हणाली. "लेकरू नाई दिसलं. त्याच्यावरच बसून होती ती."