एकाच बाजूची शिट्टी

"हा दमा नाही. आणि टीबी तर नाहीच," मुंबईच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "ब्रॉंकियल कार्सिनॉइड. म्हणजे श्वासनळीच्या आत वाढलेली गाठ."

मला आधी हायसं वाटलं, भीती नंतर वाटली. कुणीतरी तपासून बोललं होतं. तोवर मुरबाडात ज्याला त्याला माझा आजार माहीत होता, तपासायची गरज मात्र कुणालाच वाटली नव्हती.

मुरबाडला आमची पिठाची गिरणी आहे. ती मीच चालवते. खोकला लागला आणि छातीत शिट्टी वाजू लागली, तेव्हा बाजारपेठेतल्या डॉक्टरांनी खुर्चीतूनच निकाल दिला. "पिठात काम करता, दमा होणारच." आणि सुई टोचली. टोचण्यात त्यांचा हात बसला होता. कान तेवढे बसले होते. पुढे कफातून रक्त पडलं, तर थुंकी न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू केल्या.

मग चेहरा तापायला लागला. बोलता बोलता कानापर्यंत लाल. वर जुलाब.

"पाळी जायची झाली गो, दुसरं काय नाय," जाऊ म्हणाली.

वैशाखरे गावात दिलेली नणंद तिच्याहून हुशार. "कामाचा कंटाला आलाय तिला. मनाचं हाय सगलं."

नवरा दोघींचंही ऐकून मान हलवायचा. तेवढं त्याला जमतं.

डोळखांबला माहेरी गेले होते, तिथं श्वास कोंडला. भावाने शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या नव्या डॉक्टरांनी खुर्चीतून उठून पाठीला नळी लावली. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे.

"दम्याची शिट्टी दोन्हीकडे वाजते. तुमची एकाच बाजूला वाजतेय. इथं काहीतरी अडलंय."

इतकं सोपं होतं ते! त्यासाठी फक्त पाठीला हात लावावा लागत होता.

त्यांनीच मुंबईला धाडलं. तिथं ब्रॉंकोस्कोपी झाली. म्हणजे घशातून कॅमेऱ्याची बारीक नळी आत सोडतात. गाठीचा तुकडा काढला, तपासला. मी मॅडमना विचारलं, "गाठ छातीत, मग तोंड का लाल होतं?"

"ती गाठ सेरोटोनिन सोडते, आणखीही काही रसायनं सोडते. सेरोटोनिन सगळ्यांच्या अंगात असतं, पण बेताने. श्वासनळीला आतून बारीक लव असते, तिच्यावर चिकट थर. लव हलते आणि धूळ, कफ वर ढकलते. लव किती हलायची, चिकट किती सुटायचं, यात सेरोटोनिनचाही हात असतो. खाचरातली पाणगोगलगाय बघितलीत ना? ती तळाच्या लवेवर सरकते. तिची लवसुद्धा हेच हलवतं. तुमच्यात ते रक्तात ओतलं जातंय, म्हणून जुलाब, म्हणून लाली."

गोगलगायीच्या अंगात मन असतं की नाही, ते नणंदेला विचारायचं राहून गेलं.

मग लघवीची तपासणी. पूर्ण दिवसरात्रीची लघवी डब्यात साठवायची आणि आधीपासून केळी, अननस, टोमॅटो बंद, कारण त्यांनी सेरोटोनिनचा आकडा चुकतो. नणंद भेटायला आली ती केळ्यांचा फणा घेऊनच. नको म्हटलं तर म्हणाली, "डाक्टरांना काय कलतंय!" शेजारच्या खाटेवरच्या बाईने सगळी केळी खाल्ली. चला, कुणाच्या तरी कामी आली.

उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला. शुद्धीवर आले तेव्हा छाती चिरल्यासारखी दुखत होती, आणि ती खरंच चिरलेली होती. नर्स खोकायला लावायच्या तेव्हा मी रडायचे. पण चेहरा पुन्हा कधी तापला नाही. गाठ पसरली नव्हती. दर वर्षी तपासायला जाते.

शहापूरच्या डॉक्टरांना पेढे नेले तर त्यांची बदली झालेली. ते तिथल्या शिपायाला दिले.

तुमच्यापैकी कुणाला "मनाचं आहे" असं सांगितलं, तर सांगणाऱ्याला आधी विचारा, छातीचा फोटो काढला का?

काही महिन्यांपूर्वी गिरणीवर एक बाई नवऱ्याबरोबर दळण घेऊन आली. खोकून वाकली होती. "नाटकं करते ती," तिचा नवरा म्हणाला.

"तू गप रे," मी म्हटलं. "गो, उद्या सकालच्या एसटीने आपण दोघी सरकारी दवाखान्यात जाऊ."

तिला खरोखरचा टीबी निघाला. थुंकी तपासून निघालेला. गोळ्या चालू आहेत, अंगावर मांस धरतेय. तिचा नवरा आता दळायला दुसऱ्या गिरणीवर जातो. जाऊ दे. ती येते.